सातव्या प्रकरणातला एक शब्द

आई,

तुझ्या आजारपणाच्या पुस्तकाची सहा प्रकरणं वहीतून टाइप झाली. डॉक्टरी शब्द आला की तू लगेच त्याचा सोपा अर्थ देतेस, अगदी सलाइनचासुद्धा. वाचणारा अडता कामा नये, हे तुझंच म्हणणं. सातव्या प्रकरणात मात्र 'मेटास्टॅसिस' लिहून तू तशीच पुढे गेलीस. मला वाटलं, राहून गेलं असेल, म्हणून मीच अर्थ शोधायला बसले. कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरणं. टाइप करणं मी तिथेच थांबवलं.

त्या प्रकरणावर तारीख तू मार्चची घातली आहेस. त्याच दिवशी दवाखान्यातून येऊन तू म्हणालीस, 'सुटले बाई एकदाची,' आणि बाबांनी तुझी फाइल माळ्यावर टाकून दिली. परक्यांना एवढं समजावून सांगतेस, आणि आम्हाला?

बाबा सकाळी वही वाचायला मागत होते. टाइप व्हायची आहे असं सांगून ती ऑफिसला घेऊन चाललेय. त्या शब्दापुढे मी काही लिहिलेलं नाही. संध्याकाळी तूच सांग, दोघांनाही.

तुझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्यात. व्हिटॅमिनच्या म्हणून रोज मीच काढते. आज पहिल्यांदा पाकिटावरचं नाव वाचलं.