रिबकामावशीच्या कबरीची मोजणी

प्रिय रिबकामावशी,

गुरुवारी मोजणीवाले येणार आहेत, तुमच्या लोकांच्या कबरस्तानाची जागा मोजायला. हे कळल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आज भाकरी तव्यावर करपली, मी नुसती बघत बसले. कुणाशी बोलू? जीव घाबरला की तुझ्याकडेच यायचे ना मी!

गावातलं शेवटचं ज्यू घर तुझं. तुझा सायमन इस्रायलला गेला, आईला बोलावून बोलावून थकला. तू म्हणायचीस, "तिकडं माझ्याशी मराठीत भांडायला कोण हाय गो?" हट्टी कुठली! गेली असतीस तर आज मला हा घोर नसता, असंही एकदा मनात येऊन गेलं बघ.

तुला पुरलं तेव्हा प्रार्थनेला दहा पुरुष हवेत म्हणून पेणहून, अलिबागहून तुमची माणसं आली होती. खांदा आपल्या गावानं दिला. आणि आता त्याच गावाच्या ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "रोह्याच्या रस्त्याला लागून एवढी जागा पडून हाय. गाड्या लावायला घेऊ. वारस कोण उरलाय तिथं?"

मी पंचायतीची सदस्य ना! उठले. म्हटलं, "आपला धर्म, आपली संस्कृती जपायचा हक्क संविधानानं प्रत्येक समाजाला दिलाय." मागून कुणीतरी ओरडलं, "एक मेलेली म्हातारी म्हंजे समाज काय?" सगळे हसले. तुझ्या हातचा मलिदा खाल्लेलेही हसले, मावशी! मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी रोह्याहून गाडी धरली आणि पेणच्या वकीलबाईंना गाठलं. विचारलं, "किती माणसं उरली तर समाज धरतात?"

"संविधानात असा आकडाच नाही," त्या म्हणाल्या. "आणि कबरस्तानात घुसून कबरींची विटंबना करणं गुन्हा आहे. ग्रामसभेच्या ठरावानं तो माफ होत नाही."

मला हायसं वाटलं. पण लगेच म्हणाल्या, "तक्रार मात्र कुणीतरी करायला हवी."

सायमनला फोन केला. म्हणाला, "सुरेखा, आईला तिथंच राहू दे. तू कर तक्रार."

घरी यांचं वेगळंच. "गावाशी वैर घेतेस? आपल्या पोरीचं लगीन व्हायचंय अजून." काय चुकीचं बोलतात ते? सरपंचांची बायको आत्तापासूनच मला बघून तोंड फिरवते.

तक्रार घेऊन तहसील कचेरीत जायला निघाले, तर एसटीच्या थांब्यावर हमीदचाचा उभे. कुवेतची नोकरी संपवून आल्यापासून माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाले, "चल, मी पन येतो."

कचेरीत साहेबांनी माझं ऐकून घेतलं, मग चाचांकडे वळले. "तुम्ही मुसलमान, कबरस्तान ज्यूंचं. तुमचा काय संबंध?"

चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "मी झालो नि माझी अम्मी आजारी पडली, साहेब. तिला दूध नव्हतं. रिबकाबाईच्या अंगावर तवा सायमन पीत व्हता. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. माझी दूधआई हाय ती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चाचांना खुर्ची दिली. जागेची मोजणी होईपर्यंत तिथं काही करायचं नाही, असा त्यांनी आदेश काढला.

इतकी वर्षं तुझ्या ओट्यावर बसले, आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस? का गो?

मोजणीत जागा कबरस्तानाची निघेल की पंचायतीची, ठाऊक नाही. जुनी हद्द सांगणारं कुणी उरलेलं नाही. सरपंचांची माणसंही येतील, आवाज चढतील. पण तुला वचन देते. गुरुवारी हमीदचाचा आणि मी तुझ्या कबरीपाशी उभे असू. निकाल उलटा लागला तर वरच्या कचेरीत जाऊ, तिथूनही वर जाऊ. मी भीत भीतच जाईन, मावशी. पण जाईन.

तुझी,
सुरेखा