आईच्या टेपचे दोन इंच

अटलांटिक सिटी,
१४ जुलै १९२१

प्रिय आई,

पाकीट बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

इथल्या किनाऱ्यावर मला बायकांचे पोहायचे झगे मोजायची नोकरी मिळाली. झग्याची कड गुडघ्याच्या वर चार इंचांहून जास्त गेली, की पाण्यात उतरू द्यायचं नाही. तू दिलेल्या टेपने मोजते. तीन दिवसांत एकोणीस जणींना परत पाठवलं. साहेब तर खूश! "ओल्वेन, तुझ्याइतकी कडक बाई मी पाहिली नाही!"

काल गिरणीतली एक बाई ऐकेचना. "अगं, हा मी स्वतः शिवलाय. तीनच इंच आहे. तुझ्या टेपचं डोकं फिरलंय!" तिलाही मी हाकललं. वर्षातली एकुलती एक सुट्टी तिने कोट घालून बाकावर समुद्र बघत काढली.

संध्याकाळी टेप गुंडाळताना आठवलं. पहिले दोन इंच झिजले म्हणून तूच कापून टाकले होतेस, आणि मोजल्यावर मनातल्या मनात दोन वजा करायचीस. मी साफ विसरले गं. त्या बाईचे खरे तीन इंच मी पाच वाचले.

साहेबांना सांगितलेलं नाही; नोकरी जाईल. नवी टेप मात्र पाठवू नकोस. आजपासून मी दोनऐवजी चार वजा करते. आज एकीलाही परत पाठवलं नाही.

पण कालची ती बाई काही आली नाही. बाक रिकामाच होता.

तुझीच,
ओल्वेन