शाई सांडली ते बरं झालं

३ ऑगस्ट, रविवार

फजिती! विजयाने ओढतच नेलं — सोसायटीच्या हॉलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या सुरुचीच्या आर्ट जर्नलच्या क्लासला. वहीत रंग, जुने कागद, कापडाचे तुकडे, काय वाटेल ते चिकटवायचं. मी आपला बायकोच्या पिशव्या धरायला.

सुरुची म्हणाली, "अंकल, आप तो ड्राफ्ट्समन थे ना? एक बॉर्डर खींच दीजिए."

"रहने दे बेटा, आज चष्मा नहीं लाए," विजया म्हणाली. चष्मा खिशातच होता! मी ऐटीत पेन घेतलं. झालं — हात थरथरला, हिरवी शाई पानभर.

मी पुसायला धावलो. "पोंछना मत!" म्हणत सुरुचीने पान तिरकं केलं, वर मीठ भुरभुरवलं. वाळल्यावर बघतो तर विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ! हुबेहूब. मिरजेच्या आमच्या मळ्यातलं.

४ ऑगस्ट

हात का थरथरतो, माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. विजयाला कळता कामा नये. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. म्हणतो, गरम आहे.

१० ऑगस्ट, रविवार

आज डिंक जास्त झाला. दोन पानं चिकटली, सोडवताना टर्रकन फाटली. वर्तमानपत्राची अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटली — आरशात वाचावीत तशी. विजयाने फाटल्या जागी जुन्या इरकलीचा काठ लावला. केवढी हसत होती!

फरीदाबादच्या कारखान्यात उभी हयात गेली. एक रेघ चुकली की अख्खं शीट फाडायचो. पोरं टरकायची मला. आता माझीच चूक जपून ठेवतोय. बरं वाटतं. खरंच बरं वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज मुद्दाम सगळ्यांसमोर रेघ ओढली. हलली तशी हलू दिली. "अंकल, ये तो बिल्कुल अरावली लग रही है!" सुरुची ओरडली. बायका उठून बघायला आल्या. डोळ्यांत पाणी आलं — या वयात!

लिफ्टमध्ये विजयाला सांगून टाकलं. "हात माझं ऐकत नाही गं हल्ली."

तिने तोच हात हातात घेतला. "बुधवारी डॉक्टरकडे जाऊ या." एवढंच! रागावली नाही, रडली नाही. काय माणूस मिळालं मला.

२० ऑगस्ट, बुधवार

कंपवाताची सुरुवात आहे. औषधाने आटोक्यात राहील म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "कब से है?" मी तोंड उघडायच्या आत विजया म्हणाली, "पिछली दिवाली से."

मला स्वतःला कळलं ते होळीला.