टॉवेलांचे दैवत आणि ह्यांचे पोहणे

आदरणीय विहीणबाई,

आम्हा उभयतांचा सादर नमस्कार स्वीकारावा. आपली कंबर आता कितपत वाकते, जिना उतरताना कठड्याचा आधार घेता की अजूनही तो मानापमानाचा प्रश्न करता, हे सविस्तर कळावे अशी इच्छा आहे. आमची सूनबाई, म्हणजे आपली कन्या, फोनवर ‘आई मजेत आहे’ एवढेच सांगते. पण माझ्याविषयी ती आपल्यालाही हेच सांगत असणार, तेव्हा त्या वार्तेवर किती विसंबावे हे आपण जाणताच. आमच्या देव्हाऱ्यातील मंडळी आपल्याकडे मुक्कामाला आहेत, त्यांचेही क्षेमकुशल कळवावे. (बाळकृष्णाला गार पाणी सोसत नाही, हे मी निघताना सांगितले होते. पुन्हा सांगत नाही.) आम्ही परवा घरी परतणार असता आज हे पत्र कशासाठी, असा प्रश्न आपल्या चाणाक्ष मनात आला असेल. त्याचे उत्तर यथावकाश येईल.

निघताना आपण मला एक अट घातली होती. ‘आठ दिवस देवांनाही तुमच्यापासून जरा विश्रांती मिळू द्या,’ असे आपण हसत म्हणालात आणि मीही हसले. (आत कोठेतरी लागले, पण हसले.) त्या शब्दाला जागून मी एकही मूर्ती, एकही पोथी, इतकेच काय जपमाळसुद्धा बरोबर आणली नाही. तेव्हा पुढे जे घडले त्यात माझा पुढाकार नव्हता, हे आरंभीच नमूद करते. मी देवांना जहाजावर आणले नाही. ते आपणहून आमच्या खोलीत आले, आणि तेही माझी पाठ फिरलेली असताना.

आजचा दिवस जहाजावर ‘समुद्रातील निवांत दिवस’ म्हणून साजरा होतो. जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही, कोणी कोठे जात नाही, आणि काहीही न करण्यासाठी माणसे पहाटेपासून धावपळ करतात. मी सकाळी वरच्या मजल्यावर गेले तेव्हा एक अपूर्व दृश्य पाहिले. चहूकडे अथांग सागर, ज्याचे वर्णन करताना ऋषींची वाणी थकली. आणि त्या सागराच्या पाठीवर, जहाजाच्या माथ्यावर, एक निळे तळे. प्रवाशांच्या सगळ्या आरामखुर्च्या तळ्याकडे तोंड करून आणि समुद्राकडे पाठ करून मांडलेल्या! समुद्र पाहायला एवढ्या लांब आलेली माणसे त्याच्याकडे पाठ फिरवून हौद का पाहतात, याचे मला फार कुतूहल वाटले. शेजारच्या खुर्चीतील मोठ्या टोपीच्या बाईंना मी ते विचारलेही. त्या म्हणाल्या, ‘समुद्र काय, आहेच की हो तिथं. हौद सहाला बंद होतो.’ जे नित्य आहे त्याची कोणाला घाई नसते, हा वेदान्त मला टोपीखालून ऐकावा लागला.

हौद सहाला बंद होतो, ही गोष्ट आमच्या ह्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. ह्यांचा स्वभाव आपण जाणता. संसारात ह्यांनी सर्वाधिक वापरलेला शब्द ‘बरं’ हा होय. गुडघा बदलल्यापासून ह्यांना पाण्यात उतरायला बंदी होती. ती गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी उठवली. तरुणपणी हे उत्तम पोहत असत असे म्हणतात. (म्हणतात म्हणजे हेच म्हणतात, मी कधी पाहिलेले नव्हते.) जहाजावर चढताना ह्यांनी मला एवढेच सांगितले होते, ‘मला एकदा पोहायचंय.’ त्यानंतर दररोज जहाज कोठे ना कोठे थांबले आणि मी दररोज ह्यांना कोणते ना कोणते प्राचीन भग्नावशेष दाखवायला नेले. हे प्रत्येक खांबापुढे ‘बरं’ म्हणाले. पोहणे राहिले ते आजच्या दिवसावर, कारण उद्या सकाळी सामान बांधून उतरायचे.

न्याहारी करून आम्ही खोलीत परतलो आणि मी दारातच हात जोडले. पलंगाच्या मधोमध एक हत्ती विराजमान होता. शुभ्रनील कांती, भव्य कर्ण, किंचित उजवीकडे वळलेली सोंड, आणि नेत्रांच्या जागी ह्यांचा वाचण्याचा चष्मा. खोल्या आवरणारे एक मध्यमवयीन गृहस्थ आहेत. प्रवासी बाहेर गेले की टॉवेलांना घड्या घालून त्यांचे प्राणी करून ठेवायचे, ही ह्या जहाजाची रीत. लोक पाहतात, हसतात आणि त्याच हत्तीला अंग पुसतात! आता आपणच सांगा, विहीणबाई, जिला लहानपणापासून प्रत्येक कार्यारंभी ज्या मुखाचे स्मरण करायला शिकवले, तिने त्या मुखाला काखा पुसायच्या? मी भोजनगृहातील फुलदाणीतले एक फूल (मागून घेतले होते, गैरसमज नसावा) सोंडेपाशी ठेवले आणि नमस्कार केला. हे हातात पोहण्याची चड्डी घेऊन उभे होते. म्हणाले, ‘ते निळे टॉवेल हौदाचे आहेत.’ मी म्हटले, ‘होते.’ हे म्हणाले, ‘बरं.’

येथून पेच सुरू झाला. हौदावर टॉवेलाशिवाय उतरू देत नाहीत, कारण ओली माणसे लिफ्टमधील गालिचा भिजवतात. हौदापाशी बसणाऱ्या रखवालदाराकडे नव्या टॉवेलांच्या थप्प्या आहेत, परंतु जुना दिल्याशिवाय तो नवा देत नाही. ह्यांनी त्याला जाऊन सांगितले की आमच्या जुन्याचा हत्ती झाला आहे. तो म्हणाला, ‘मग हत्ती आणा काका, टॉवेल घेऊन जा.’ त्याच्या बाजूने पाहता ते बिनतोड होते. हे परत आले, हत्तीच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसले आणि चष्म्याविना समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

दुपारी जेवून येतो तो हत्तीपुढे एक पांढरे कासव! सोंडेपाशीचे फूल पाहून त्या टॉवेलशिल्पी गृहस्थांना वाटले असावे की इतक्या वर्षांत आपल्या कलेची कदर करणारे कोणी भेटले. त्यांनी उत्साहाच्या भरात आमचे न्हाणीघरातील दोन्ही मोठे टॉवेल त्या कासवात घातले होते. शिवाय तोंड पुसण्याच्या रुमालांचा एक मासा उशीवर पहुडलेला. मासा आणि कासव! माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. अवतारांच्या क्रमात यापुढे वराह येतो, हे मी आपल्याला सांगायला नको. मी धावत मार्गिकेत गेले आणि त्या गृहस्थांना अत्यंत जिज्ञासेने विचारले की आपण आता वराह करणार काय. त्यांना शब्द कळला नाही. मी वर्णन करून सांगितले. ते विचारात पडले. ‘आजी, मला माकड येतं, बदक येतं,’ ते म्हणाले. ‘डुकराची मागणी अजून कुणी केली नाही. पण तुमच्यासाठी बघतो.’ ते बघतील या भीतीने मी उरलेली दुपार खोलीतच पहारा देत बसले. (भीतीने की आशेने, हे मात्र नीट सांगता येत नाही.)

दरम्यान ह्यांनी तोंड धुतले. पुसायला सबंध खोलीत काहीही उरले नव्हते. जे होते ते पूज्य होते. ह्यांनी जहाजाच्या दैनिक कार्यक्रमाचा कागद घेऊन त्याने चेहरा टिपला. शाई कच्ची असावी. ‘सायंकाळी जोडप्यांचे नृत्य’ ही अक्षरे ह्यांच्या गालावर उलटी उमटली. मला हसू आले. हे हसले नाहीत. खिडकीबाहेरचे ऊन उतरू लागले होते. हे कधी नव्हे ते मोठे वाक्य बोलले: ‘मी देवाशी भांडत नाही. पण तू त्याला एकदा विचार तरी, त्याला पाणी आवडतं का.’

विहीणबाई, आयुष्यभर मी भाष्ये वाचली. त्यांतील कित्येक पाने मला डोळे मिटून दिसतात. परंतु हा प्रश्न विचारण्याचे मला सुचले नव्हते. मी हत्तीसमोर बसून शास्त्रार्थ मांडला. ज्याचे आवाहन विधिवत झाले नाही, त्याचे विसर्जन करता येते काय? नसेल, तर तो केवळ टॉवेल. मग माझा नमस्कार कोठे गेला? असेल, तर त्याला जलाकडेच पोचवले पाहिजे, आणि जल तर सहाला बंद होणार! या शेवटच्या मुद्द्याने निर्णय झाला. मी ह्यांचा चष्मा उतरवून ह्यांना दिला, हत्ती दोन्ही हातांवर घेतला आणि निघाले. लिफ्टमध्ये माणसांनी आपणहून वाट करून दिली. टोपीच्या बाई आत होत्या. त्यांनी टोपी काढून हातात धरली. (मजा म्हणून की आदराने, ते देव जाणे, तो तेथेच होता.)

हौदाच्या काठावर बसून मी पुन्हा येण्याची प्रार्थना केली आणि घडी सोडवू लागले. आधी कान सुटले, मग सोंड उलगडली, मग चारही पाय एकदम. मला वाटले होते, आत कोठेतरी दोरा असेल, टाचणी असेल, निदान एखादी गाठ. काही नव्हते. दोन बाजूंनी गुंडाळत आणलेले दोन टॉवेल, बस्स. मग हत्ती कोठे होता? मांडीवर ते निळे कापड घेऊन मी पुष्कळ वेळ हाच विचार करीत बसले. रखवालदार जुना टॉवेल मागायला आला. मी त्याला हाच हवा म्हणून सांगितले.

तेवढ्यात पाणी वाजले. हे उतरले होते. हौदात आता दुसरे कोणी नव्हते. सगळे जेवणासाठी कपडे बदलायला गेले होते. हे आधी काठाला धरून गुडघा हलवून पाहत होते. मग काठ सोडला. विहीणबाई, घरात जो मनुष्य दोन खुर्च्यांच्या मधून जाताना तीन वेळा अडखळतो, तो त्या पाण्यात असा सरळ, असा बिनआवाज गेला की मी उभी राहिले. दुसऱ्या टोकाला पोचून हे उलटे वळले आणि पाठीवर पडून आकाश पाहत परत आले. इतकी वर्षे ह्यांच्यासोबत राहून हे गृहस्थ मी पहिल्यांदाच पाहत होते. रखवालदाराने घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि थप्प्या मोजायला पाठ वळवली. हे बाहेर आले तेव्हा गालावरचे नृत्य धुऊन गेले होते. मी तोच टॉवेल पुढे केला. त्यावर सोंडेची सुरकुती अजून होती. ह्यांनी त्यात तोंड खुपसले, केस पुसले, आणि म्हणाले, ‘बरं वाटलं.’ त्या एका शब्दापुढे दुसरा शब्द मी प्रथमच ऐकला.

असो. पत्र लांबले. आपल्या कंबरेला शेक चालू ठेवावा. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपली नम्र,
विहीण

ता. क. : आता मूळ विषय. पोहून झाल्यावर हे ओल्या पायांनीच (गालिच्यावरून) खालच्या कार्यालयात गेले आणि मला न विचारता जहाजाच्या पुढच्या फेरीसाठीही आमची नावे देऊन आले. तेव्हा आम्ही परवा येत नाही. आमचे देव आणखी आठ दिवस आपल्याकडे ठेवून घ्यावेत, ही विनंती. चिरंजीवांना ही वार्ता आपणच द्यावी. आपल्या शब्दाला तो उलट उत्तर देत नाही.

ता. क. दुसरा : बाळकृष्णाला गार पाणी सोसत नाही असे वर लिहिले आहे. एकदा विचारून पाहावे.

ता. क. तिसरा : कासव आणि मासा अद्याप पलंगावर आहेत. आम्ही दोन्ही कडांना झोपणार आहोत. देवांचे अंग पुसण्याचा पांढरा रुमाल आपल्याकडे दिला आहे. आपले हात कलाकुसरीचे आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते : त्या रुमालाची घडी कृपया चौकोनीच घालावी.