उजव्या फुफ्फुसातला डाग

३ नोव्हें.
बीडला गेलतो. दुबईच्या कामासाठी मेडिकल. सलीम, आपला गॅरेजवाला दोस्त, पास. माझ्या एक्स-रेत उजवीकडं वर डाग. एक्स-रे वाचणाऱ्या मॅडमला म्हणलं, क्लिअर लिहा की. "टीबी होऊन बरा झाल्याचा जुना डाग असेल, नाहीतर आता चालू असेल. एका फोटोवरून कसं सांगू?" जुना फोटो असला तर आण, शेजारी ठेवून बघते म्हणाल्या. आणि थुंकी तपास. डोकंच सटकलं. मला साधा खोकला न्हाई.

५ नोव्हें.
काल बीडहून परतताना धारूरला, घरी, उतरायचं तर बसमधल्या एका पोराच्या नादानं धर्मापुरीला गेलो. देऊळ भारी. मुक्काम तिथंच. आज आई लई बोलली. मग म्हणली, दहावी सोडली त्या साली खोकत होतास, अंबाजोगाईला छातीचा फोटो काढलता. कुठाय? पेटीत न्हाई. माळ्यावर न्हाई.

६ नोव्हें.
घावला. मामाकडं. मामा उसाच्या ट्रॉल्या रंगवतो. एक्स-रेचं प्लॅस्टिक चिवट, त्यात अक्षरं कापायची, वरून ब्रश मारायचा. माझ्या छातीत 'हॉर्न द्या' कापलंय.
कशाला कापला म्हणलं तर, "तुजं नाव होतं का त्याच्यावर?"
होतं. कोपऱ्यात, निळ्या रंगाखाली. तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्या माझं फुफ्फुस घेऊन फिरत्यात.

८ नोव्हें.
परत बीड. रॉकेलनं पुसलेला फोटो मॅडमनं लाइटच्या पेटीवर लावला. डाग असायचा नेमका तिथं 'हॉ'. भोकातनं नुसता उजेड. हसल्या न्हाईत. लई वेळ बघत बसल्या. "कडेला थोडं काहीतरी दिसतंय. तेवढ्यावर जुना आहे म्हणून सही करणार नाही मी."
म्हणलं मॅडम, एका सहीवर माझं सगळं अडलंय.
"घरात लहान मूल आहे?"
अक्काची पिंकी. माझ्याच पांघरुणात झोपते. थुंकीची डबी घेतली, निघालो. राग कुणाचा येतोय तेच कळंना.

९ नोव्हें.
सलीमचं म्हणणं, दुसऱ्या गावातल्या सेंटरला जाऊ, तुझ्या नावावर माझी छाती. "कोण बघतंय बे?" दुबईला धाडणाऱ्या एजंटला बी चालतंय म्हणं. सांगतो म्हणलं.
दुपारी पिंकी उशी घेऊन आली. हाकललं. रडली. अक्का विचारते, काय केलं रे तिनं? डास चावतेत, मी ओसरीवर झोपणार, असलं कायतरी बोललो.

११ नोव्हें.
सकाळी सरकारी दवाखान्यात डबी दिली. तिथला माणूस म्हणला, शुक्रवारी या. एजंटकडं कागद द्यायचा शेवटचा दिवस उद्या. शुक्रवार काय कामाचा?
सलीम उद्या सकाळच्या गाडीला स्टँडवर थांबणार. मॅडमला काय जातं, दोन ओळी लिहायला. पण सलीमचा फोटो लावला तरी खोकला आला तर मलाच येणार. आणि तिकडं दुबईत एका खोलीत आठ-दहा जण, सलीम बी त्यातच.
बॅग भरून ठेवलीय. अक्काला अजून सांगितलं न्हाई. पिंकी उंबऱ्यात बसलीय, माझ्याकडं पाठ करून. तिचा मामा, म्हंजे मी, कधी बोलावतो त्याची वाट बघतीय. मी सलीमला फोन लावून सांगितलं, उद्या येत न्हाई, शुक्रवारी बघू.