उजवीकडची सीट

शालू,

लोकांनी ट्रॅक्टर घेतले अन् मी अमेरिकेची जुनी इम्पाला आणली, तव्हा सगळं गाव हसलं. तू मात्र नारळ फोडला. पोरं आता म्हणतात, "दादा, इका ती." मी ऐकत न्हाई.

तिचं स्टिअरिंग डाव्या हाताला. पुढं ट्रक असला की मला समोरचं काहीच दिसायचं न्हाई. तू उजवीकडून मान बाहेर काढून बघायची अन् म्हणायची, "काढा!" मी डोळे झाकून गाडी पुढं काढायचो. भांडून फुगून बसली असली तरी तेवढं एक बोलायचीच.

काल पहिल्यांदा एकटा निघालो. अंबड सुटलं अन् पुढं कापसाची ट्रॉली लागली. जालन्यापर्यंत तिच्याच मागं गेलो. मागचे हॉर्न वाजवून राह्यलते.

पोरांना मी सांगितलंय, आईनं दवाखान्यात डोळे मिटले. तुला तर माहीत हाय. त्या दिवशी तुला नेतानाही पुढं अशीच ट्रॉली होती. तू "काढा" म्हणशील म्हणून मी तिच्या मागंच चालवत राह्यलो. लय वेळ वाट बघितली. मंग तुझ्याकडं बघितलं.

अजून डावीकडंच बसलेला,
बद्रीनाथ