रिकामी म्हणून पुजलेली बंदूक

उंब्रज,
पौष, १९४३

प्रिय नाथा,

तुझं पत्र पोचलं. दाजींची माफी मागून सांगलीला नांदायला जा, असं लिहिलंस. पलटणीत रंगरूटांना बंदूक शिकवणारा माझा धाकटा भाऊ हे लिहितो, म्हणून दोनदा वाचलं. दाजींनी तुला काय कळवलं असेल ते न विचारता सांगते: बायकोनं पूजेच्या हत्याराला हात घातला आणि चारचौघांत नवऱ्याची शोभा केली. खरं आहे. वेळ आली तर पुन्हा करीन.

तुझ्या दाजींचा थाट तू पुरता पाहिलेला नाहीस. उसात डुकरं येतात म्हणून परवाना काढून दुनळी बाराबोरी बंदूक आणली. डुक्कर आजवर एकही पडलं नाही. एकदा घरच्याच बैलाच्या शिंगाजवळून बार गेला, तर बैल बुजरा म्हणून त्यालाच शिव्या. पारावर बसले की बंदूक मांडीवर आडवी, आणि नळी ज्याच्या पोटाकडे येईल त्यानं मुकाट्यानं सरकायचं. एक बोट कायम चापावर, दुसरा हात मिशीसाठी मोकळा.

वैशाखात तू रजेवर आलास, तेव्हा अंगणात मुसळ हातात धरून आम्हा बायकांना शिकवलंस. कुणी काहीही सांगो, हातात आलेली बंदूक भरलेलीच समजायची. नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आणि आधी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, आत काडतूस आहे का ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. दाजी पान चघळत म्हणाले, "बायकास्नी कशाला शिकिवतूस रं? त्या काय लढाईला जात्यात व्हय?" तू हसलास. मी ऐकून ठेवलं.

खंडेनवमीला सकाळी बंदूक पुसायला माझ्याकडे आली. "वरनंच पूस, उघडू नगंस. पूजेचं हत्यार हाय, आन् रिकामीच हाय ती," असं बजावून स्वारी आंघोळीला गेली. त्यांच्या घरी नवमीला पुजायचं हत्यार सीमोल्लंघनापर्यंत कुणी उघडत नाही. विळ्या-कोयत्यांना ती रीत ठीक आहे. मी नळी मातीकडे धरून बंदूक मोडली. दोन्ही काडतुसं आत होती, आदल्या संध्याकाळी डुकरांसाठी भरून विसरलेली. ती पदराच्या गाठीत बांधली, बंदूक मिटवून पाटावर ठेवली. आरतीनंतर सांगू, म्हटलं. तेवढं माझं चुकलं, लगेच सांगायला हवं होतं.

आरती झाली. सगळ्यांना हसवायला दाजींनी पाटावरची बंदूक उचलली आणि एका पाहुणीवर रोखली. "हात वर करा की पावनीबाई, सरकारचा हुकूम हाय!" आणि चाप ओढला. नुसता टक्क आवाज झाला. सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं ते स्वतः. मी पदराची गाठ सोडली आणि दोन्ही काडतुसं आरतीच्या ताटात ठेवली. पुढं हसायला कुणी उरलं नाही. दाजींच्या तोंडातून निघालं ते एवढंच की बाईनं पूजा बाटवली. त्याच दुपारी माझं गाठोडं दाराबाहेर आलं.

नाथा लांब पलटणीत आहे, त्याला यातलं काही लिहू नकोस, अशी आईनं मला शपथ घातली होती. म्हणून आजवर गप्प बसले. पण माफी मागायला तूच सांगतोस, तर ती शपथ मोडते. त्या सणाला मी साळूबाईला माझ्याकडे नेलं होतं. ती पाहुणी म्हणजे तुझी बायको. तिला पाचवा महिना होता आणि नळी तिच्या पोटापासून हातभर लांब होती. आता आठवा लागलाय. दोन्ही जीव सुखरूप आहेत, फक्त भांडं पडलं तरी ती दचकते. तेव्हा माफी कुणी कुणाची मागायची, ते आता तूच दाजींना लिही.

तुझीच,
बनूआक्का